इंदूरची खंडेनवमी: तलवार, बोरू, हँडलचं मशीन आणि एक उसना लॅपटॉप

माझे धाकटे दीर गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत जाऊन संगणकाच्या इतिहासाचं संग्रहालय बघून आले. तेव्हापासून आमच्याकडे कुणीही चहाला आलं की फोन बाहेर निघतो आणि खोलीएवढ्या यंत्रांचे फोटो दाखवले जातात. मी पुण्यातल्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रत्येक वेळी शेवटी ठरलेलं वाक्य येतं, की वहिनी, तुम्ही तर हे बघायलाच हवं. हवं हो, पण तिकीट कोण काढणार? शेवटी वैतागून मी सांगून टाकलं, की मला संगणकाचा इतिहास बघायला इंदूरला जायचंय. ते हसले. हसोत बापडे.

मी थट्टेत म्हटलं होतं, पण पूर्ण थट्टेत नाही. माझी आत्या इंदूरला दिली होती आणि तिच्या घरी खंडेनवमीला, म्हणजे नवरात्राच्या नवव्या दिवशी, हत्यारांची पूजा असते. तशी ती पुष्कळ घरांत असते. आपण स्कूटरला हार घालतो, लॅपटॉपवर कुंकवाचं बोट टेकवतो आणि जेवायला बसतो. आत्याकडे मात्र एका लांबलचक पाटावर प्रत्येक पिढीचं हत्यार ओळीने मांडतात. सगळ्यात डावीकडे तलवार, मग लिहायचा बोरू, मग हाताने फिरवायचं हिशेबाचं मशीन, मग टाइपरायटर. लहानपणी मला ती ओळ म्हणजे जत्रेतलं दुकान वाटायची. पुढे शिकवायला लागल्यावर लक्षात आलं, की तलवार सोडली तर मी वर्गात तक्त्यावर दाखवते तोच इतिहास तिथे कुंकू लावून बसलेला असतो.

यंदा माझ्या आत्तेभावाचा, शेखरदादाचा, मुद्दाम फोन आला. त्याची मुलगी मृण्मयी सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरी लागली त्या वर्षी ती बेंगळुरूला होती आणि गेल्या वर्षी आत्या गेल्यामुळे सण नव्हता. म्हणजे तिचा लॅपटॉप पाटावर बसायची ही पहिलीच वेळ. दादा म्हणाला, "पाचवी पिढी पाटावर येतेय, वैजू. तू तर कंप्युटरची प्रोफेसर, तू पाहिजेसच. कोई बहाना नहीं." मी रजा टाकली.

पुण्याहून इंदूरला जायला थेट रेल्वे आहे. दुपारी बसलं की सकाळी इंदूर. धुळे, सेंधवा करत जाणाऱ्या बसही भरपूर आहेत आणि ज्यांना घाटात झोप लागते त्यांनी त्या जरूर घ्याव्यात. मला लागत नाही. नवरात्रात जाणार असाल तर आरक्षण आधीच करा, कारण पुण्यात नोकरीला असलेलं निम्मं माळवा त्याच गाडीने घरी निघतं. माझ्या डब्यात इतके शेवेचे डबे उघडले गेले, की अंधार पडायच्या आत मी अर्धी इंदूरला पोचले होते.

स्टेशनवर मृण्मयी स्कूटी घेऊन आली होती. घरी जायच्या आधी पोहे खाऊ म्हणाली. इंदूरचे पोहे आपल्या पोह्यांहून वेगळे असतात. ते वाफेवर मऊ ठेवतात, गोडसर असतात आणि वर जिरावन नावाचा मसाला आणि मूठभर शेव घालतात. सोबत जिलबी. दोघींचं पोट भरून शंभराच्या नोटेतून पैसे परत येतात, तेव्हा हॉटेलातला नाश्ता पॅकेजमध्ये घेऊ नका. तिने गाडीवाल्याला "भिया, एक में सेव थोड़ी ज्यादा" असं सांगितलं आणि प्लेट माझ्या हातात देता देताच बोलायला लागली.

"आत्या, घरी पोचायच्या आधी एक बात सांगायची आहे. माझा जॉब गेला ना. पूरी टीमच काढली. बोलले, टेस्टिंगचं काम आता एआय करेल."

मी कधी असं विचारलं. राखीच्या आधीच, ती म्हणाली. घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आईने दिलेला डबा घेऊन ती निघत होती आणि एका वाचनालयात बसून फोनवरून अर्ज करत होती. कंपनीचा लॅपटॉप शेवटच्या दिवशीच जमा झाला होता. घरी तिने सांगितलं होतं, की ऑफिसच्या नव्या नियमाने लॅपटॉप तिथेच ठेवावा लागतो, नवमीला खास परवानगी काढून आणीन. इकडे शेखरदादाने अर्ध्या कॉलनीला पाचव्या पिढीची बातमी देऊन ठेवली होती.

"तर तुझा लॅपटॉप आण एक दिवस पाटावर, माझा म्हणून," ती म्हणाली. "बस एकच दिवस. दिवाळीपर्यंत कुठे ना कुठे तर लागेलच ना."

मला नाही म्हणता आलं नाही. जिलबी हातात तशीच राहिली. मी ज्या विषयाच्या पदव्या पोरांना मिळवून देते त्याच विषयाने या पोरीच्या पायाखालची सतरंजी ओढली होती, आणि ती माझ्याकडे फक्त एक दिवसाचा लॅपटॉप मागत होती. मी हो म्हटलं. पुढचे दोन दिवस ते हो माझ्या पोटात पोह्यांपेक्षा जड बसलं.

दादाचं घर अन्नपूर्णा भागात, देवळापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. खालच्या खोलीत एके काळी त्याची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सरकारी नोकरीची परीक्षा देणारी पोरं सकाळी सहापासून तिथे खटखट करायची, तो आवाज मला अजून आठवतो. पुढे त्याच खोलीत फोटोकॉपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आलं आणि आता तिथे दादाची आरामखुर्ची आहे. मी पोचले तेव्हा तो खाली जमिनीवर बसून ब्रासोने तलवारीची पितळी मूठ घासत होता. सुनीतावहिनींनी चहा ठेवला. मृण्मयीने मी आल्यामुळे ऑफिसातून सुट्टी घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा दादा माझ्याकडे बघून म्हणाला, बघ, मागितली की लगेच देतात, चांगली कंपनी आहे. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड त्यांना वाचता आलं असतं.

दुपारी आम्ही दोघी शहरातल्या सरकारी संग्रहालयात गेलो. तिकीट किरकोळ आहे, गर्दी जवळजवळ नसते, सोमवारी मात्र बंद असण्याची शक्यता धरून जा. शिल्पं सुरेख आहेत. मी मात्र ताम्रपटांपाशी रेंगाळले. आपल्याला वाटतं माणूस लिहायला लागला तो कविता करायला किंवा देवाला आळवायला. तसं नाही. जगातली जुन्यात जुनी लिखापढी बघितली तर ती बहुतेक धान्याची पोती, मेंढ्या आणि मजुरी यांची आहे. मातीच्या वड्यांवर खुणा करणारा तो कारकून आमच्या विषयाचा मूळपुरुष. डोक्यात राहीना म्हणून बाहेर मांडून ठेवलं, आणि बाहेर मांडलेल्यावर काम करता येतं हे कळलं, तिथून सुरू झालेली गोष्ट लॅपटॉपपर्यंत येते. हे सगळं मी मृण्मयीला सांगत होते आणि ती काचेवर बोट ठेवून एका ताम्रपटाच्या ओळी मोजल्यासारखी करत होती.

मग तिने विचारलं, की याच्या आधी जे लोक सगळं तोंडपाठ ठेवायचे त्यांचं काय झालं. मी इतकी वर्षं हा विषय शिकवते, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

संध्याकाळी राजवाड्यापासून चालत सराफ्यात गेलो. सराफा बघायचा तर दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागतात त्या संधिकाळी जावं, म्हणजे एकाच गल्लीत दोन्ही बाजार सापडतात. एका सोनाराने मला काचेच्या बरणीतल्या लालभडक गुंजा दाखवल्या. त्याचे आजोबा गुंजांवर सोनं तोलायचे. आता शेजारीच इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि गुंजा शोभेला. आम्ही भुट्टे का कीस खाल्ला, म्हणजे कोवळ्या मक्याचा किस दुधात शिजवून वर मसाला आणि लिंबू. दोघींत एक घ्या, पुढे जागा ठेवावी लागते. मृण्मयीने वडिलांसाठी दहीवडा बांधून घेतला. शेखरदादाला तो इतका आवडतो, की मुलगी नोकरीला लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्याने साडी नाही, शर्ट नाही, सराफ्यातला दहीवडा मागितला होता, हे तिनेच मला सांगितलं.

अष्टमीला हातोदला गेलो. इंदूरच्या पश्चिमेला तासाभराच्या आत पोचता येतं, बस मिळते, आम्ही स्कूटीने गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीनची कापणी चालली होती आणि रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने दम धरावा. पर्यटक हातोदला येत नाहीत. मला शेखरदादाने पाठवलं होतं, कारण मंडीतल्या त्याच्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला रुमालाखालचा सौदा येतो.

शेठजी गादीवर बसून मोबाइलवर इंदूरचे भाव बघत होते. आम्ही कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्यांना गंमत वाटली. त्यांनी मृण्मयीची ओढणी मागून घेतली, तिचा आणि आपला हात तिच्याखाली झाकला आणि तिची बोटं दाबायला सुरुवात केली. चारचौघांत बसून भाव ठरवायचा पण शेजारच्याला कळू द्यायचा नाही, म्हणून ही पद्धत. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, यावरून शेकडे आणि दहाचे आकडे होतात. थोड्या वेळाने मृण्मयीला जमायला लागलं आणि तिने उलट भाव दाबला. शेठजी म्हणाले, बेटी महंगा माल बेचती है. त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदा मोकळी हसली. आता असे सौदे होत नाहीत, पडद्यावर भाव येतो. शेठजींना त्याचं फार दुःख दिसलं नाही. जुन्या पद्धतीत फसवाफसवीही पुष्कळ होती म्हणाले आणि आम्हाला कचोरी मागवली.

कचोरी येईपर्यंत मृण्मयीच्या फोनवर ईमेल आला. तिने वाचला, मला दाखवला आणि फोन उलटा ठेवला. आणखी एका ठिकाणाहून नकार होता, आणि तोही यंत्राने लिहिलेला, हे आम्हा दोघींना वाचताच कळलं. परत येताना मागे बसून मी तिला म्हटलं, आजच सांगून टाक. तिने वेग कमी केला.

"बाबांची इन्स्टिट्यूट बंद झाली ना, तेव्हा मी लहान होते," ती म्हणाली. "महिनाभर बाबा जेवताना बोलत नव्हते. मला ते परत नाही बघायचं, आत्या. समझ ना."

मला समजलं, म्हणून मी तो विषय पुन्हा काढला नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बघायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही दार लावून माझ्या लॅपटॉपवरची कॉलेजच्या नावाची चिकटपट्टी काढली. नखाने निघेना, शेवटी खोबरेल तेल लावलं. पासवर्ड तिने पाठ केला. माझा लॅपटॉप तेलकट होऊन, नाव पुसून माझ्याचकडे बघत होता. दोन शिकल्यासवरल्या बायका खोबरेल तेलाने पुरावा पुसतायत, हे चित्र एरवी मला फार हसवून गेलं असतं.

खंडेनवमीला या घरी एक नियम आहे, तो मी विसरले होते. हत्यार पाटावर ठेवण्याआधी ते एकदा चालवायचं. ज्याचं त्याने, आणि तो हयात नसेल तर पुढच्या पिढीने. बंद पडलेली वस्तू पाटावर चालत नाही. एकदा चालवून ठेवली, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. म्हणून दादा आठवडाभर आधीपासून तेलपाणी करत असतो.

सकाळी पाटावर तांबडं कापड, झेंडूची फुलं, समई. वहिनींनी पुरण घातलं होतं त्याचा वास घरभर. दादा सोवळं नेसून बसला. त्याने तलवार म्यानातून वीतभर काढली आणि आत सारली. मग बोरू दौतीत बुडवून कागदावर मोडीत श्री काढला. मग हँडलचं मशीन पुढे ओढलं. त्याच्या वडिलांचं, मिलच्या पगारखात्यातलं. खटके सरकवून आकडा लावायचा, हँडल पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी, आणि वजा करत शून्याच्याही खाली गेलं की आत एक घंटा वाजते. दादाने मुद्दाम उलटं फिरवत ती वाजवली, कारण लहानपणी आम्हाला तीच हवी असायची, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मग त्याने स्वतःचा हिंदी टाइपरायटर घेतला आणि कागदावर न बघता एक ओळ टाइप केली. बोटं अजून तशीच पडतात.

"आता तू," तो मृण्मयीला म्हणाला.

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, उघडला, पासवर्ड घातला. पडदा उजळला. दादा कौतुकाने पुढे वाकला. वहिनी निरांजन हातात धरून उभ्या होत्या. तिने बोटं ठेवली आणि ती तशीच राहिली. मी मनातल्या मनात काहीतरी लिही, काहीही लिही असं म्हणत होते. तिने लॅपटॉप मिटला.

"बाबा, हा माझा नाही. आत्याचा आहे. माझा कंपनीने जमा करून घेतला. जॉब गेला माझा, राखीच्या आधीच."

वहिनींनी निरांजन खाली ठेवलं आणि त्या पाटाशी खाली बसल्या. दादाचा चेहरा उतरला, ते मी बघितलं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्याने विचारलं, की मग रोज डबा घेऊन कुठे जातेस. तिने वाचनालयाचं सांगितलं.

दादाने मान हलवली आणि आपल्या वडिलांच्या मशीनवर हात ठेवला. मग तो बोलायला लागला, आमच्याकडे न बघता. मिल बंद झाली तेव्हा त्याच्या वडिलांनीही घरी सांगितलं नव्हतं. ते नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचे. शेखरदादा तेव्हा नुकताच टायपिंग शिकवायला लागला होता. एक दिवस त्याने त्यांना एका बागेत, बाकावर डबा उघडून एकटेच जेवताना बघितलं. तो झाडाआडून परत फिरला. त्यांची इज्जत राहावी म्हणून. शेवटी त्यांनी काही महिन्यांनंतर आपणहून सांगितलं तेव्हा ते फार वाळले होते.

"मी तेव्हा जाऊन शेजारी बसायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "नाही बसलो. तू सांगितलंस ते बरं केलंस. बहुत बरं केलंस."

मग त्याने पाटावरून बोट फिरवत एकेक सांगितलं. संस्थानाची पलटण मोडली तेव्हा तलवारवाले पणजोबा घरी बसले, आणि मिशा पिकायला लागलेल्या वयात त्यांनी पोरांच्या पंगतीत बसून अक्षरं गिरवली. त्यांचा मुलगा दफ्तरात मोडी लिहायचा. संस्थान गेलं, मोडी गेली, सुंदर अक्षराला कुणी विचारीना, तेव्हा तो मिलच्या फाटकावर हजेरी मांडायला लागला. त्याचा मुलगा हे मशीन चालवायचा, ती मिलच गेली. आणि टायपिंग तर तुझ्यासमोरच गेलं, दादा म्हणाला. "यातलं एक तरी हत्यार रिटायरमेंटपर्यंत पुरलंय का कुणाला? सांग ना. एकही नाही."

मी त्या पाटाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला तो यंत्रांचा इतिहास वाटत होता. बोरूपेक्षा मशीन जलद, मशीनपेक्षा संगणक जलद, एक पायरी वर, आणखी एक पायरी वर. वर्गात मी तसाच बाण काढते. इथे प्रत्येक पायरीवर एक माणूस डबा घेऊन बसलेला होता, आणि या घराने त्या प्रत्येकाचं सामान भंगारात न देता हळदकुंकू लावून ठेवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दादाने लॅपटॉप उचलून माझ्या हातात दिला. म्हणाला, हे तुझं हत्यार, तू चालव आणि तूच ठेव, तूही आईच्या माहेरचीच. मी तेलकट लॅपटॉप उघडला, एक ओळ लिहिली आणि टाइपरायटरच्या पुढे एक जागा सोडून ठेवायला गेले. दादाने मला आणखी जरा सरकायला सांगितलं. मधली जागा मोकळी राहिली. तिथे कापडावर त्याने तांदळाची लहानशी रास केली, तिला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि मृण्मयीला नमस्कार करायला सांगितलं.

ती म्हणाली, की इथे तर काहीच नाही. "जागा आहे ना," दादा म्हणाला. "यंदा जागेची पूजा. जे यायचं ते येईल." वहिनींनी निरांजन ओवाळलं आणि ते त्या तांदळांवरून इतरांच्यापेक्षा जरा जास्तच वेळ फिरलं. मग सगळे जेवायला बसलो. दादा जेवताना बोलला, मुख्यतः पुरणात जायफळ कमी असल्याबद्दल, आणि मृण्मयीने दोनदा माझ्याकडे बघितलं.

दुपारी कॉलनीतले दोघं-तिघं पाचवी पिढी बघायला आलेच. मी धसका घेतला होता. दादाने त्यांना सरळ सांगितलं, की पोरीची नोकरी गेली आहे, हा लॅपटॉप पुण्याच्या प्रोफेसरणीचा आहे, प्रसाद घ्या. त्यातल्या एका काकांनी आपल्याही जावयाचं तसंच झाल्याचं तिथेच सांगितलं. ते आजवर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे.

दसऱ्याला सोनं वाटून मी परतीच्या गाडीत बसले. वहिनींनी शेव, जिरावन आणि पोळ्या बांधून दिल्या. तुम्ही जाणार असाल तर जिरावन मात्र घेऊन याच, पुण्यात मिळतं त्याला ती चव नाही. राहायची सोय रेल्वे स्टेशनजवळ आणि राजवाड्याच्या आसपास सगळ्या बजेटमध्ये होते, आणि शहर इतकं स्वच्छ आहे, की परत आल्यावर आपल्या गल्लीत आठवडाभर चिडचिड होते, हा एकच तोटा.

घरी आल्यावर दिरांनी विचारलं, झाला का संगणकाचा इतिहास बघून? मी हो म्हटलं आणि फोटो दाखवला नाही, कारण मी काढलाच नव्हता. कॉलेज उघडल्यावर पहिल्या तासाला मी नेहमीचा तक्ता लावला. मातीची वडी, ताडपत्र, मणी ओवलेली मोजपाटी, दातेरी चाकांची यंत्रं, खोलीएवढा संगणक, खिशातला संगणक. संगणक हा शब्दच आधी माणसांच्या नोकरीचं नाव होता, दिवसभर बसून आकडेमोड करणाऱ्या माणसांच्या, हे मी दरवर्षी गंमत म्हणून सांगते. यंदा तिथे थांबले आणि म्हटलं, पुढे जायच्या आधी या प्रत्येक चित्रातल्या माणसाचं नंतर काय झालं ते शोधून आणा. ही शेवटच्या वर्षाची मुलं आहेत आणि प्रश्न कुणाबद्दल आहे ते त्यांना कळायला वेळ लागला नाही. मी त्यांना इंदूरच्या पाटाची गोष्ट सांगितली. खोटा धीर दिला नाही. माझ्याकडे तो नाही.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की मॅडम, त्या मुलीला आता भीती वाटत नाही का?

मला तिच्या वतीने उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी मृण्मयीला फोन करून तोच प्रश्न विचारला. नोकरी अजून मिळालेली नाही. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, त्यातली एक बरी वाटते, पक्कं काही नाही. मागून दादाचा आवाज येत होता, तो वहिनींना कुठल्याशा कंपनीची जाहिरात मोठ्याने वाचून दाखवत होता आणि वहिनी त्याला चष्मा लाव म्हणत होत्या. मृण्मयी थोडा विचार करून बोलली.

"डर तर आहेच ना, आत्या. पण आधी मी एकटीच घाबरत होते. आता तिघं मिळून घाबरतो."